अक्काची गाडी वळायला शिकली

आमच्या घरात गाडी अक्का चालवायची. अक्का म्हणजे माझी आई. तिचा धाकटा भाऊ, आमचा नानामामा, तिला अक्का म्हणायचा. त्याचं ऐकून मी म्हणायला लागले, आणि पुढे पुढे आबासुद्धा, म्हणजे माझे वडील, चारचौघांत तिचा उल्लेख अक्का असाच करत. आबांचं जळगावात बियाण्यांचं आणि विहिरीवरच्या पंपांचं दुकान होतं. पंप बिघडला तर ते नुसत्या आवाजावरून रोग सांगत, पण चार चाकांच्या मोटारीशी त्यांचं कधी जमलं नाही. शिकायला गेले तेव्हा त्यांनी ब्रेकऐवजी भलतंच पेडल दाबलं, गाडी कुंपणात घातली आणि वर गाडीलाच रागावले, असं अक्का हसत हसत सांगायची. त्यानंतर त्यांनी मागच्या सीटवरची डावी बाजू कायमची पकडली. तिथे बसून ते पेपर वाचत. अक्का पुढे, पदर कमरेला खोचलेला, पायातल्या चपला काढून शेजारी ठेवलेल्या. अनवाणी पायाला गाडी काय म्हणते ते कळतं, असं तिचं म्हणणं होतं.

गाडी जुनी, जड आणि शेवाळी रंगाची होती. आबांनी ती एका डॉक्टरांकडून घेतली होती. ती कुठल्या कंपनीची ते मी इथे लिहीत नाही, कारण पुढे तिची थोडी निंदा करावी लागणार आहे, आणि तिच्या वयाच्या बहुतेक गाड्यांना तोच दुर्गुण होता. इंजिन मात्र एकदम गुणी. आमची केळीची बाग यावलकडे, आणि दर रविवारी सकाळी आम्ही तिकडे जायचो. आदल्या दिवशी अक्का कळण्याचं पीठ दळून आणायची. ज्वारी आणि उडीद एकत्र दळले की त्या पिठाला एक खरपूस वास येतो. पहाटे तव्यावर भाकरी थापल्याचा आवाज, मग वांगी भाजल्याचा धूर, मग पाट्यावर मिरच्या रगडल्यावर घरभर उठलेला ठसका, आणि शेवटी अंगणातून गाडीची घरघर. रविवार म्हटलं की मला आजही हे सगळं याच क्रमानं ऐकू येतं. माझी नात म्हणते, आजी, तुझ्या आठवणींना आवाज फार. असेल. आमचं घर बोलकं होतं.

त्या बोलक्या घरातला आवाज एका रविवारी बंद पडला. तापीचा पूल ओलांडून आम्ही बागेकडे निघालो होतो. रस्ता पुढे उजवीकडे वळतो. त्या वळणावरून अक्का शेकडो वेळा गेली असेल. वेगही नेहमीचाच होता. पण समोरून केळीनं भरलेला ट्रक रस्त्याच्या मधोमध आला, अक्कानं गाडी डावीकडे घेतली आणि लगेच उजवीकडे वळवायला गेली. चाक फिरलं, गाडी फिरली नाही. टायर किंचाळले. अक्का एकच शब्द बोलली, "धरा!" आणि आम्ही सरळ डावीकडच्या केळीच्या बागेत. केळीची खोडं म्हणजे पाण्यानं भरलेले खांब. एकेक खोड फचाक आवाज करत आडवं होत गेलं आणि गाडी हळूहळू थांबली. काचेवर एक भलंमोठं पान येऊन पडलं आणि गाडीत एकदम हिरवा अंधार झाला.

कोणालाही खरचटलंसुद्धा नव्हतं. आबांचा चष्मा मागच्या काचेपाशी जाऊन पडला होता. बागेची माणसं धावत आली, आम्ही धड आहोत हे बघून त्यांनी आधी पाणी दिलं आणि मग पडलेल्या खोडांतले तयार घड बाजूला काढू लागली. "हे तर उद्या कापायचेच होते," असं म्हणून बागेच्या मालकानं त्यातला एक घड उलट आमच्याच गाडीत टाकला. आबा हसायचा प्रयत्न करत होते. अक्का मात्र खाली उतरली नाही. दोन्ही हातांनी चाक धरून ती बसून राहिली होती आणि कोणाकडेही न बघता म्हणाली, "मी वळवलं होतं."

त्यानंतर अक्कानं किल्ली देवघराशेजारच्या खुंटीला अडकवली आणि गाडीचं नाव काढलं नाही. नातेवाईक बघायला आले. कोणी म्हणालं देवानं वाचवलं, कोणी म्हणालं बाईमाणसाला एवढी जड गाडी झेपते का, आणि अक्का सगळ्यांना चहा देत राहिली. रविवारी ती एसटीनं बागेत जायला लागली. संध्याकाळी परत यायची ती मांडीवर केळ्यांची पिशवी, साडीवर चिकाचे डाग आणि तोंडावर काहीच नाही अशी. भाकरी थापली जायची, पण गाणं गुणगुणणं बंद. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दर वर्षी ती स्वतः गाडी चालवत धुळ्याजवळच्या तिच्या माहेरी जायची. सासरी गेलेल्या मुली त्या सणाला माहेरी जमतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. अक्काची गाडी वेशीत शिरली की पोरीबाळी मागे धावायच्या. त्या वर्षी ती म्हणाली, "यंदा नाही जात मी." आबांनी परस्पर एक ड्रायव्हर ठरवून टाकला. आखाजीपासून तो कामावर येणार होता. अक्का "बरं" म्हणाली आणि आत निघून गेली. माझ्या आठवणीत अक्का आबांना कधी नुसतं "बरं" म्हणाली नव्हती.

मी तेव्हा तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होते. बागेतून गाडी ओढून आणली तेव्हा मी तिच्याभोवती फिरले होते. पुढची चाकं पार उजवीकडे वळलेली होती. म्हणजे अक्का खरं बोलत होती, चाकं वळली होती आणि गाडी तरीही सरळ गेली होती. मग मी डाव्या टायरवर हात फिरवला. बाहेरची कड झिजून गुळगुळीत झाली होती, आणि आतल्या बाजूची नक्षी जवळजवळ नवी. टायर वळणावर सपाट टेकतच नव्हता, नुसत्या कडेवर उभा राहत होता. कडेवर उभं राहिलेलं काहीही घसरतं. एवढं कळायला अभियांत्रिकी लागत नाही, पण ते का होतं हे शोधायला मला माझी पुस्तकं आणि नानामामा, दोन्ही लागले.

नानामामाचं जळगावात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप होतं. माणूस अंगानं भरलेला, मनानं त्याहून. वेल्डिंग करताना मोठ्यानं गायचा आणि ठिणग्या उडाल्या की सूर वर न्यायचा. मी त्याला सांगितलं, गाडीच्या पुढच्या भागाची मांडणी बदलायची आहे. तो म्हणाला, "त्यात काय! कडक स्प्रिंगा टाकू, दगडासारखी बसेल."

"दगडासारखी बसली तर दगडासारखीच जाईल," मी म्हणाले. "मामा, स्प्रिंगचा दोष नाही. चाक ज्या हातांनी धरलंय, ते हात चुकीच्या जागी आहेत."

त्यानं कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि आमच्या भाषेत, म्हणजे अहिराणीत, म्हणाला, "पोरीना डोकामा काय शे, देखू तरी." पोरीच्या डोक्यात काय आहे, बघू तरी. संध्याकाळी तो घरी आला.

मी ओसरीवर जेवणाचा पाट उभा केला आणि त्यावर बांबूच्या कामट्या खिळ्यांनी ठोकल्या. चहाच्या डब्याचं झाकण चाक म्हणून लावलं. गाडीचं पुढचं प्रत्येक चाक दोन आडव्या हातांनी धरलेलं असतं, एक वर, एक खाली. आतल्या टोकाला ते हात गाडीच्या सांगाड्यावर बिजागरीसारखे हलतात आणि बाहेरच्या टोकाला चाक असतं. गाडी उजवीकडे वळली की अंग डावीकडे कलतं. आमच्या गाडीत अंगाबरोबर चाकही कलायचं, माथा बाहेर टाकायचं. मी पाट तिरका केला, आणि झाकण खरोखरच कडेवर उभं राहिलं. मग मी वरच्या हाताचा आतला खिळा उपटून थोडा खाली ठोकला आणि पुन्हा पाट कलवला. आता चाक जसं वर उचललं जाई, तसा वरचा हात त्याचा माथा आत ओढून घेई. पाट तिरका, झाकण ताठ.

नानामामा पालथा पडून एक डोळा मिटून बघत होता. अक्का स्वयंपाकघराच्या दारात शेंगदाणे पाखडत होती, आमच्याकडे पाठ करून. सुपाचा आवाज थांबला. "पुन्हा कर," ती म्हणाली. मी केलं. ती जवळ येऊन उकिडवी बसली, स्वतःच्या हातानं पाट कलवून बघितला, सरळ केला, परत कलवला. "म्हणजे गाडी कलली तरी चाकानं कलायचं नाही," ती म्हणाली.

"हो."

"आणि आता ते कलतं."

"हो अक्का. तू वळवलं होतंस. तिला वळता येत नव्हतं."

ती उठली, सूप घेऊन आत गेली. पण त्या रात्री जेवताना ताटात बिबडी भाजून आली. ज्वारीच्या त्या जाड पापड्या ती फक्त खुशीत असली की काढायची.

आबांना पटवणं अवघड होतं. मला वाटत होतं त्यांना पोरीच्या विद्येवर भरवसा नाही. मी तावातावानं बोलायला गेले तर ते दुकानाच्या फळीवर बसून म्हणाले, "विजे, मला तुझं गणित कळत नाही असं नाही. मी मागे बसलो होतो. पेपरमुळे मला समोरचं काही दिसलं नाही. फक्त तुझ्या आईचं 'धरा' ऐकू आलं. तसा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तो मला परत ऐकायचा नाही." मग तेच म्हणाले, "करा काय करायचं ते. पण नानाला सांग, तुटणारं काही बनवू नकोस."

नानामामानं तुटणारं काही बनवलं नाही. "मापाचं तू बघ, ताकदीचं मी बघतो," अशी आमची वाटणी ठरली. वरचा हात ज्या ब्रॅकेटला धरलेला होता, तसेच दोन नवे जाड ब्रॅकेट त्यानं ट्रॉलीच्या पोलादातून कापले. भोकं मी आखून दिली, जुन्यापेक्षा बोटभर खाली. गाडीला लावण्याआधी त्यानं प्रत्येक ब्रॅकेट साखळीला लटकवून त्याला ट्रॉलीचा सांगाडा टांगला आणि स्वतः त्या सांगाड्यावर बसून एक अख्खं गाणं म्हटलं. ब्रॅकेट हलले नाहीत. चाक किती कललंय ते मोजायला आम्ही गवंड्याचा ओळंबा वापरला. मडगार्डवरून दोरी सोडायची, आणि टायरची वरची आणि खालची कड दोरीपासून किती लांब आहे ते पट्टीनं बघायचं. आज ही कामं भिंतीवरचा पडदा आणि लाल दिवे करतात. मी त्यांच्या विरोधात नाही. पण ओळंब्याला वारा लागू नये म्हणून श्वास धरून बसण्यात एक गंमत होती, ती पडद्यात नाही.

काम झालं. अक्का "मला नको" म्हणाली, म्हणून पहिली फेरी नानामामानं मारायची ठरली. मी शेजारी. धरणगावच्या रस्त्याला लागलो आणि मामानं गाणं सुरू केलं. पहिल्या वळणावर गाडी अशी सुरेख वळली की आम्ही दोघं ओरडलोच. पण पुढचा रस्ता सरळ होता, आणि सरळ रस्त्यावर गाडीनं जे काही केलं ते मी जन्मात विसरणार नाही. ती क्षणात डावीकडे ओढ घ्यायची, क्षणात उजवीकडे. जरा खड्डा आला की दुसरीकडेच नाक वळवायची. एक सायकलवाला आम्हाला दुरून बघूनच सायकलसकट शेतात उतरला. मामाचं गाणं अर्ध्यावर बंद पडलं. घामानं भिजून तो चाकाशी झटापट करत होता आणि पुटपुटत होता, "सरळ चाल बाई, सरळ चाल." आम्ही बैलगाडीच्या वेगानं परत आलो.

अक्का वर्कशॉपच्या फाटकात उभी होती. आमचा डबा घेऊन आल्याचं निमित्त. तिनं गाडी येताना बघितली, म्हणजे गाडीचं ते झुलणं बघितलं, मग खाली उतरलेल्या नानामामाचा पांढराफटक चेहरा बघितला, आणि ती हसायला लागली. हातातला डबा खाली ठेवून, फाटकाला धरून, पदर तोंडात कोंबून हसली. कित्येक आठवड्यांनी. नानामामा आधी रागावला, मग तोही खाली बसून हसायला लागला. मला मात्र रडू येत होतं. माझं गणित बरोबर होतं, आणि गाडी दारुड्यासारखी चालत होती.

हसू आवरल्यावर अक्का चपला काढून गाडीत बसली. मला वाटतं तिनं ते ठरवून केलं नाही. वर्कशॉपच्या मोकळ्या आवारात तिनं हळूहळू एक गोल मारला, मग दुसरा, आणि खाली न उतरता खिडकीतून बोलायला लागली. "हिला आता दोन मनं आहेत. डावं चाक म्हणतं मी इकडे जाते, उजवं म्हणतं मी तिकडे. आणि दुसरं. वळून झालं की चाकानं आपलं आपण सरळ यायला पाहिजे. हे येत नाही. आधीही येत नव्हतं. मला प्रत्येक वळणानंतर ओढून आणावं लागायचं. यावलला पोचेपर्यंत खांदे भरून यायचे."

"तू कधी बोलली नाहीस."

"मला वाटायचं गाड्या अशाच असतात."

मी तिथेच ट्रॉलीच्या सावलीत वही उघडून बसले. तिचं पहिलं म्हणणं मला लगेच उमगलं. चाकांचा माथा आत घेतला होता, पण स्टेअरिंगचे दांडे जुन्याच लांबीचे ठेवले होते. त्यामुळे दोन्ही चाकांची तोंडं किंचित बाहेरच्या बाजूला फिरली होती, एक धरणगावला, एक एरंडोलला. दुसऱ्यासाठी मी नानामामाची सायकल बघितली. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, म्हणून हात सोडून चालवता येते. आमच्या गाडीत तो तिरकेपणा नावालाच होता. वरचा हात पातळ पत्र्याचे तुकडे घालून जरा मागे सरकवला तर तो वाढणार होता.

दुसऱ्या दिवशी अक्का स्वतःहून वर्कशॉपला आली. जेवण घेऊन नव्हे, काम करायला. गाडीच्या दोन्ही बाजूंनी आम्ही लांब सुतळी ताणली. एक टोक अक्काच्या हातात, एक माझ्या. नानामामा खाली झोपून दांडे फिरवत होता आणि आम्ही पट्टीनं चाकाच्या पुढचं आणि मागचं अंतर बघत होतो. मी आकडा सांगायचे. अक्का मग गाडीत बसून गोल मारायची आणि आकड्याऐवजी भलतंच सांगायची. "अजून हट्टी आहे." "आता फार सुस्त झाली." "आता जड झाली, पण चांगली जड." मी तिच्या प्रत्येक शब्दासमोर माप लिहायचे. वरचा हात किती मागे सरकवायचा हे शेवटी माझ्या पुस्तकानं ठरवलं नाही आणि नुसत्या अक्कानंही नाही. दोघींनी भांडून ठरवलं. दुपारी आम्ही तिघं लोखंडाच्या ढिगाशेजारी बसून शेवभाजी आणि भाकरी खायचो, तिखटानं नाकं पुसायचो, आणि नानामामा प्रत्येक घासाला सांगायचा की ही गाडी आता विमानासारखी जाणार. अक्का म्हणायची, "मला विमान नको. मला वळणारी गाडी पाहिजे."

पुढे मी आयुष्यभर हेच काम केलं. नानामामाच्या त्याच वर्कशॉपात, नंतर माझ्या स्वतःच्या. गाडी आली की मी आधी मालकाला विचारायचे, कशी वाटते? यंत्र सोडून हे काय विचारताय, असं लोकांना वाटायचं. ती सवय मला त्या आवारात लागली.

आखाजी जवळ आली तसं आबांनी विचारलं, "ड्रायव्हरला काय सांगू?" अक्का म्हणाली, "रविवारी पद्मालयाला जाऊन येऊ. मग सांगा." पद्मालयाचं गणपतीचं देऊळ एरंडोलपासून आत, झाडीतून जाणाऱ्या रस्त्यावर आहे, आणि त्या रस्त्याला वळणं भरपूर. अक्कानं तोच रस्ता का निवडला ते मला कळलं, आबांनाही कळलं असावं, कारण त्या दिवशी ते पेपर घेऊन बसले पण उघडला नाही. पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून ते बसले होते. एरंडोलपर्यंत अक्का इतकी हळू चालवत होती की टांगेसुद्धा पुढे जात होते.

झाडी लागली. पहिलं वळण तिनं चोरासारखं घेतलं. दुसरं जरा बरं. तिसऱ्या वळणावर समोर एकदम शेळ्यांचा कळप निघाला, आणि रस्ता कडेला खडीचा. अक्कानं गाडी डावीकडे घेतली, एक चाक खडीवर गेलं, मग उजवीकडे वळवली. गाडी थोडी कलली आणि वळली. शहाण्या गाईसारखी, जिथे सांगितलं तिथेच वळली. आणि वळण संपलं तेव्हा अक्कानं बोटं सैल केली, आणि चाक तिच्या तळव्यांतून आपलं आपण सरळ झालं.

अक्का क्षणभर तशीच हात उघडे ठेवून चाकाकडे बघत राहिली. मग ती एकदम अहिराणीत ओरडली, "ऐकस! विजे, ऐकस वं हाई!" ऐकते गं ही. पुढचं वळण तिनं जरा वेगात घेतलं, त्याच्या पुढचं आणखी. ती मोठमोठ्यानं हसत होती आणि मी खिडकीबाहेर डोकं काढून डाव्या टायरकडे बघत होते. टायर रस्त्यावर पूर्ण पंजा टेकवून चालला होता. मी वळून आबांकडे पाहिलं. त्यांनी सीटवरचे हात काढले होते. डोळे ओले होते, आणि ते लपवायला त्यांना काहीतरी हवं होतं म्हणून त्यांनी पेपर उघडला. उलटा. देवळात पोचल्यावर नारळ फोडायच्या आधी ते म्हणाले, "त्या ड्रायव्हरला दुसरीकडे चांगली नोकरी बघून देतो मी." आणि खरोखर दिली.

आखाजीला आम्ही धुळ्याकडे निघालो. उन्हाळा तापलेला, गाडीत आंब्यांचा वास, नानामामा मागे आबांच्या शेजारी सांजोऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन. पारोळा गेलं तशी अक्का गुणगुणायला लागली. माहेरच्या वेशीत शिरलो तर कडुनिंबाला झोके बांधलेले, आणि झोके सोडून सगळ्या बायका गाडीकडे पळाल्या. बातमी आमच्या आधी पोचली होती. कोणी म्हणे, पोरीनं गाडीचे पाय बदलले. कोणी म्हणे, गाडीला नवी ढोपरं लावली. मला ते ढोपराचं फार आवडलं. इतकी वर्षं झाली, अजून मी नव्या मुलांना शिकवताना तेच सांगते.

घरात खापरावरचे मांडे होत होते, आमरस तयार होता, पण अक्काला जेवायला बसूच देईनात. "आधी आम्हाला फिरव." अक्कानं सगळ्यांना वाटून वाटून गाडीत कोंबलं. नव्या लग्नाच्या पोरी, त्यांच्या भावजया, कडेवरची लेकरं. गावाच्या बाहेर तळ्याला वळसा घालून येणारा एक रस्ता होता, त्या रस्त्यावर तिनं फेऱ्या सुरू केल्या. गाडी तळ्याच्या कोपऱ्यावर वळली की आतून एकदम आरोळी उठायची, मग हसण्याचा लोंढा, मग गाणं. मी पारावर बसून ऐकत होते. आबा गावातल्या माणसांना माझं नाव सांगून काहीतरी समजावत होते, हातवारे करत, दोन हात, एक वर, एक खाली. बरंचसं चुकीचं सांगत होते. मी दुरुस्त केलं नाही.

शेवटच्या फेरीत अक्काची म्हातारी मावशी होती. ती जन्मात मोटारीत बसली नव्हती. आम्ही तिला पुढे, अक्काच्या शेजारी बसवलं. तिनं दोन्ही हातांनी दार धरलं, डोळे गच्च मिटले आणि ओठांनी देवाचं नाव सुरू केलं. गाडी गेली, तळ्याला वळसा घालून धुरळा उडवत परत आली, पाराशी थांबली. मावशीचे डोळे अजून मिटलेलेच. मी दार उघडून हात पुढे केला आणि म्हणाले, "मावशी, आलं घर. उतरा."

तिनं एक डोळा उघडला. आधी माझ्याकडे बघितलं, मग तळ्याकडे, मग अक्काकडे. माझा हात बाजूला सारून तिनं स्वतःच दार ओढून घेतलं आणि अक्काला म्हणाली, "आखो एक डाव ने वं. आते डोया उघडा ठेवसू."

अजून एकदा ने गं. आता डोळे उघडे ठेवीन.